वयात न येणारे किडे

चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम अंगाला, वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना या तालुक्यांत, काळ्या जमिनीवर कपाशी उभी असते. तिच्यावर पांढरी माशी वाढली की ज्या औषधांची नावे पुढे येतात त्यांत पायरिप्रॉक्सिफेन असते. पूर्वेकडे नागभीड, ब्रह्मपुरी, सिंदेवाही आणि वैनगंगा ओलांडली की आरमोरी, कुरखेडा, चामोर्शी हा सगळा धानाचा मुलूख. धानावरच्या तुडतुड्यांसाठी बुप्रोफेझिन हे एक औषध आहे. डासांच्या अळ्या मारण्यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमाने जी औषधे मान्य केली त्यांत टेमेफॉस आणि बीटीआय या जिवाणूच्या जोडीला डायफ्लुबेन्झुरॉन आहे, आणि पुन्हा तेच पायरिप्रॉक्सिफेन आहे.

या औषधांची मारण्याची रीत जुन्या औषधांहून निराळी आहे. डीडीटी किंवा मोनोक्रोटोफॉस मज्जातंतूंवर घाव घालते. किडा थरथरतो, उलटा पडतो, मरतो. पायरिप्रॉक्सिफेन पोटात गेलेली डासाची अळी मात्र खात राहते, पोहत राहते. तिची वयात यायची वेळ आली की शरीर चुकते. ती कोषात जाते आणि कोषातच संपते, नाही तर अर्धवट बाहेर आलेल्या अवस्थेत पाण्यावर तरंगते. बुप्रोफेझिन आणि डायफ्लुबेन्झुरॉन आणखी एका टोकाने तेच काम करतात: जुनी कात टाकताना खालची नवी कातडी नीट घडूच देत नाहीत.

माणसाच्या संप्रेरकांत ढवळाढवळ करणाऱ्या रसायनांची चर्चा गेली तीस-पस्तीस वर्षे जगभर चालू आहे. प्लास्टिकच्या बाटल्या, स्त्री-संप्रेरके, मुलींचे लवकर वयात येणे हे विषय मराठी वर्तमानपत्रांतही येतात. पण संप्रेरक बिघडवून प्राणी संपवायचा ही युक्ती माणसाने सर्वांत आधी जाणूनबुजून योजली ती किड्यांसाठी. पुढे जेव्हा नकळत झालेल्या बिघाडाची तपासणी सुरू झाली, तेव्हा त्या तपासणीत किड्यांना जागाच मिळाली नाही. या दोन धाग्यांचा मागोवा घेतला की ते दोन्ही वर्धा-वैनगंगेच्या खोऱ्यात, इथल्या तलावांत आणि बांध्यांत एकत्र आलेले दिसतात.

पहिला धागा पोलंडमधल्या क्राकोपासून सुरू होतो. स्टेफान कोपेच हे प्राणिशास्त्रज्ञ जिप्सी पतंगाच्या अळ्यांवर काम करत होते. अळीचा मेंदू काढून टाकला तर काय होईल, असा प्रश्न त्यांनी घेतला. शेवटची कात टाकल्यानंतर लवकर मेंदू काढला तर अळी जगते, पण तिचा कोष होत नाही. तोच मेंदू काही दिवस उशिरा काढला तर कोष होतो. म्हणजे त्या मधल्या दिवसांत मेंदूतून रक्तात काहीतरी उतरते आणि ते एकदा उतरले की मेंदूची गरज संपते. हे १९१७ ते १९२२ मधले काम. किड्याच्या मेंदूतून संप्रेरक येते ही गोष्ट त्या काळी कुणाला पटण्यासारखी नव्हती. कोपेच यांना १९४१ मध्ये नाझींनी गोळ्या घातल्या. त्यांच्या शोधाचे पुढे काय झाले ते त्यांना पाहता आले नाही.

१९३० च्या दशकात लंडनमध्ये विन्सेंट विगल्सवर्थ यांनी दक्षिण अमेरिकेतल्या ऱ्होडनियस नावाच्या रक्तपिपासू ढेकणावर हे काम नेले. हा ढेकूण प्रत्येक अवस्थेत एकदा पोटभर रक्त पितो आणि मग ठरल्या दिवशी कात टाकतो, त्यामुळे प्रयोगाला वेळेचे मोजमाप मिळते. विगल्सवर्थ यांनी त्याचे डोके कापले. बिनडोक्याचा ढेकूण महिनोन् महिने जगू शकतो. रक्त प्यायल्यानंतर लगेच डोके कापले तर कात पडत नाही, काही दिवस थांबून कापले तर पडते. मग त्यांनी दोन ढेकूण मेणाने आणि बारीक काचनळीने एकमेकांना जोडले, जेणेकरून एकाचे रक्त दुसऱ्यात जावे. कात टाकण्याचा निरोप रक्तातून गेला. त्याहून मोठी गोष्ट अशी की लहान वयाच्या ढेकणाचे रक्त मिळाले की वयात यायला निघालेला ढेकूण वयात येत नाही. तो आणखी मोठा, पण बाळच राहतो. मेंदूमागच्या एका इवल्या ग्रंथीतून बाल्य टिकवणारे संप्रेरक येते हे त्यातून उमगले.

किड्याचे सगळे आयुष्य या दोन रसायनांच्या मेळावर चालते. एक म्हणते, कात टाक. दुसरे ठरवते, कात टाकून पुन्हा अळीच व्हायचे की पुढे जायचे. बाल-संप्रेरक रक्तात असेपर्यंत प्रत्येक कातीनंतर मोठी अळी निघते. ते ओसरले की कोष होतो, पंख फुटतात. ते चुकीच्या दिवशी हजर राहिले, तर बिघाड तिथेच.

कात टाकायला लावणारे रसायन हाती यायला १९५४ साल उजाडले. जर्मनीत बुटेनांट आणि कार्लसन यांनी रेशीमकिड्याचे ५०० किलो कोष घेऊन त्यांतून २५ मिलिग्रॅम स्फटिक वेगळे केले. त्याला एक्डिसोन नाव मिळाले. १९६६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रसायनज्ञांनी समुद्री शेवंडातून त्याचाच जुळा वेगळा केला, आणि किडा व शेवंड एकाच संप्रेरकावर कात टाकतात हे स्पष्ट झाले. हे वाक्य आमच्या भागात वाचताना थांबून वाचावे. आमच्या तलावांतला झिंगा आणि खेकडाही त्याच कुळातले. किड्याची कात अडकवणारे रसायन झिंग्याला अनोळखी नसते.

यापुढची कथा अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात घडली. कॅरोल विल्यम्स यांनी १९५६ मध्येच सिक्रोपिया पतंगाच्या नरांच्या पोटातून एक सोनेरी तेल काढले होते. त्यात बाल-संप्रेरक भरपूर होते, आणि हे कधीतरी कीटकनाशक होऊ शकेल असे त्यांनी तेव्हाच सुचवले. १९६० च्या दशकाच्या मध्यात प्रागचे कारेल स्लामा त्यांच्याकडे काम करायला आले. येताना त्यांनी युरोपातला एक तांबडा ढेकूण, पायऱ्होकोरिस, सोबत आणला. प्रागमध्ये वर्षानुवर्षे बिनबोभाट वाढलेला हा किडा हार्वर्डमध्ये वयातच येईना. पाचव्या अवस्थेनंतर पंख फुटायचे, तर तो सहावी, कधी सातवी बाल-अवस्था घेई आणि मरे. पाणी तपासले, खाणे तपासले, उजेड तपासला. शेवटी दोष सापडला तो डब्याच्या तळाशी अंथरलेल्या कागदी रुमालात. अमेरिकी कागदावर ठेवलेला किडा बाळच राही. अमेरिकी वर्तमानपत्राच्या कागदावरही तेच होई, पण लंडनच्या वर्तमानपत्राच्या कागदावर त्याला काही होत नसे. अमेरिकी कागदाचा लगदा बाल्सम फर या झाडाचा होता. त्या झाडाच्या लाकडात बाल-संप्रेरकाची नक्कल करणारे एक रसायन असते. ते वेगळे करून त्याला जुव्हाबायोन नाव दिले गेले. झाडाने कोट्यवधी वर्षांत किड्यांविरुद्ध घडवलेले हे शस्त्र लगदा, यंत्र, रोल, सगळ्यांतून टिकून डब्याच्या तळाशी पोहोचले होते.

हा शोध भारतात लगेच पोहोचला. १९६६ मध्ये के. एन. सक्सेना यांनी विल्यम्स यांच्यासोबत दाखवले की हाच कागदातला घटक आपल्या कपाशीवरच्या तांबड्या ढेकणालाही वयात येऊ देत नाही. हा किडा वरोऱ्याच्या, राजुऱ्याच्या शेतकऱ्याला चांगला ठाऊक आहे. उकललेल्या बोंडांवर लाल-काळ्या रंगाची त्यांची गर्दी होते. म्हणजे बाल-संप्रेरकाच्या इतिहासातला एक अगदी सुरुवातीचा प्रयोग आपल्याच कपाशीच्या किडीवर झालेला आहे.

१९६७ मध्ये विल्यम्स यांनी तिसऱ्या पिढीची कीटकनाशके अशी कल्पना मांडली. पहिली पिढी आर्सेनिकसारख्या विषांची, दुसरी डीडीटीची, तिसरी संप्रेरकांची. रेचल कार्सन यांचे ‘सायलेंट स्प्रिंग’ १९६२ मध्ये येऊन गेले होते, डीडीटीबद्दल लोक घाबरले होते, आणि ही नवी कल्पना स्वच्छ वाटत होती. माणसात हे संप्रेरक नाही, पक्ष्यांत नाही, माशांत नाही. किडाच तेवढा मरेल, शिवाय स्वतःच्या संप्रेरकाला किडा प्रतिकार तरी कसा करणार, अशी आशा होती. त्या काळाच्या संदर्भात ही आशा खोटी म्हणता येणार नाही. फक्त त्या वाक्यात ‘किडा’ म्हणजे कोणता किडा, हे कुणी विचारले नाही. प्रतिकाराची आशाही टिकली नाही. पांढऱ्या माशीने पायरिप्रॉक्सिफेनला काही देशांत काही वर्षांतच दाद देणे सोडले.

या कल्पनेचे उत्पादन करायला १९६८ मध्ये कॅलिफोर्नियात झोइकॉन ही कंपनी निघाली. तिचे प्रमुख होते कार्ल जेरासी, माणसाच्या संततिनियमनाच्या गोळीतले संप्रेरक १९५१ मध्ये घडवणाऱ्या गटातले रसायनज्ञ. स्त्रीच्या संप्रेरकाची नक्कल आणि किड्याच्या संप्रेरकाची नक्कल अशी एकाच माणसाच्या हातून पुढे गेली. कंपनीचे मेथोप्रीन १९७५ मध्ये अमेरिकेत डासांविरुद्ध नोंदले गेले. उन्हात ते लवकर विघटित होते, म्हणून त्याच्या हळूहळू विरघळणाऱ्या विटा करून पाण्यात टाकू लागले. नेदरलँड्समध्ये त्याच दशकात डायफ्लुबेन्झुरॉन अपघाताने सापडले. तणनाशक घडवताना निघालेले हे रसायन तणाला काही करत नव्हते, अळ्यांच्या कातीत मात्र बिघाड करत होते. बुप्रोफेझिन आणि पायरिप्रॉक्सिफेन जपानी कंपन्यांनी आणले. पायरिप्रॉक्सिफेनची ताकद ध्यानात घेण्यासारखी आहे: पिण्याच्या पाण्यातल्या डासांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने जी मात्रा ठरवली ती लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी अशी आहे, आणि तेवढ्याने काम होते. ते पाण्यात फारसे विरघळत नाही; गाळाला आणि सेंद्रिय कचऱ्याला चिकटून बसते. तळाशी राहणाऱ्या किड्याच्या दृष्टीने ही बारीकसारीक बाब नाही.

या वंशावळीत आपल्या अंगणातले झाडही आहे. कडुनिंबाच्या निंबोळीचा पाच टक्के अर्क फवारा, हा सल्ला कृषी विभाग कित्येक वर्षे देतो आहे. १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत प्रधान, जोतवाणी आणि राय यांनी निंबोळीचा अर्क मारलेल्या पिकाला टोळ तोंड लावत नाहीत हे दाखवले. १९६८ मध्ये इंग्लंडमध्ये त्यातले ॲझाडिरॅक्टिन वेगळे झाले, आणि पुढे कळले की ते किड्याच्या मेंदूकडून एक्डिसोनकडे जाणाऱ्या निरोपातच अडथळा आणते. तेव्हा कडुनिंबही संप्रेरक बिघडवतो. उन्हात तो काही दिवसांत निकामी होतो, हा त्याचा मोठा गुण. नैसर्गिक की कृत्रिम हा प्रश्न इथे दुय्यम ठरतो. किती दिवस टिकते आणि कुठे जाऊन बसते, हे विचारायला हवे.

आता आपल्या भागातल्या पाण्याकडे. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत हजारो मामा तलाव आहेत, म्हणजे माजी मालगुजारी तलाव. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजाने ते बांधले. उताराच्या जमिनीवर एकाखाली एक तलाव आणि त्यांच्या पोटाशी धानाच्या बांध्या. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारकडे आले. पावसाळ्यात या तलावांत, बोड्यांत आणि बांध्यांत जे पाणी साचते त्यात किड्यांचे एक गाव वसते: चतुर आणि टाचण्यांची पिल्ले, पाणढेकूण, पाणभुंगेरे, गाळातल्या तांबड्या अळ्या. पँटाला हा चतुर पावसाच्या वाऱ्याबरोबर दुरून येतो आणि उथळ, तात्पुरत्या पाण्यात अंडी घालतो. साधारण दीड-दोन महिन्यांत पिल्लू मोठे होऊन उडून जाते. ऑगस्टच्या रोवणीनंतर घातलेल्या अंड्यांतले पिल्लू सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पंख फुटायच्या बेताला येते. तुडतुड्यांची फवारणीही नेमकी तेव्हाच होते. आणि चतुराचे हे पिल्लू डासांच्या अळ्याही खाऊन मोठे झालेले असते.

चतुराच्या शरीरात ही संप्रेरके कुठून येतात, याचा अभ्यास परदेशातून आयात करावा लागला नव्हता. १९७० च्या दशकात नागपूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात डी. बी. टेंभरे आणि त्यांचे सहकारी व्ही. के. ठाकरे यांनी ऑर्थेट्रम क्रिसिस या चतुराच्या मज्जागुच्छांमधल्या स्राव करणाऱ्या पेशींचा बारकाईने अभ्यास केला आणि तो आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत छापून आला. हा लालसर शेपटीचा चतुर आपल्या तलावांवर बसतो. विदर्भाच्या माणसांनी विदर्भातल्या चतुराचे संप्रेरक-शास्त्र मांडले होते. ते ज्ञान तलावातल्या पाण्याच्या तपासणीपर्यंत आले नाही, हे मला या सगळ्या मागोव्यातले सर्वांत खटकणारे वाटते.

आणि एक समाज असा आहे की ज्याला कात म्हणजे काय हे विद्यापीठापेक्षाही आधीपासून ठाऊक आहे. ढिवर समाज तलावांत मासेमारी करतो, आणि आरमोरी, सिंदेवाही, नागभीडच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसरचे किडेही तोच पोसतो. टसरची अळी चार वेळा कात टाकते. कातीच्या वेळी ती खाणे सोडून फांदीला चिकटून स्तब्ध बसते. त्या दिवसांत तिला हात लावायचा नाही, फांदी हलवायची नाही, हे पाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. तुतीच्या रेशमात तर संशोधकांनी हेच संप्रेरक उपयोगात आणले. मेथोप्रीनचा अत्यल्प थेंब अळीला दिला की तिचे बाल्य लांबते आणि कोष जड होतो. म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेने वनस्पतीतले एक्डिसोन वापरून ‘संपूर्ण’ हे द्रावण केले, ज्याने सगळ्या अळ्या एकाच वेळी कोष विणायला लागतात. जिथे किड्याचे पैसे होतात तिथे आपण त्याच्या संप्रेरकाला दिवसाच्या हिशेबाने जपतो. त्याच ढिवराच्या तलावातल्या किड्यांच्या बाबतीत तो हिशेब मांडलेला मला कुठे सापडला नाही.

दुसरा धागा नकळत झालेल्या बिघाडाचा. १९९१ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या विंगस्प्रेड या ठिकाणी थिओ कोलबोर्न यांनी वेगवेगळ्या शाखांतल्या शास्त्रज्ञांना एकत्र बसवले. ग्रेट लेक्सच्या काठचे पक्षी, मासे, माणसे यांच्यात दिसणाऱ्या विकृतींना एक समान कारण असावे, ते म्हणजे संप्रेरकांची नक्कल करणारी औद्योगिक रसायने, असे त्यांनी मांडले. १९९६ मध्ये त्यांचे ‘आवर स्टोलन फ्यूचर’ आले. त्याच वर्षी अमेरिकेत कायदा झाला आणि तपासणीचा कार्यक्रम आखला गेला. त्या कार्यक्रमाने तीन गोष्टी तपासायच्या ठरवल्या: स्त्री-संप्रेरक, पुरुष-संप्रेरक आणि थायरॉइड. तिन्ही पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांच्या. एक्डिसोन आणि बाल-संप्रेरक यादीत आले नाहीत, जरी त्यांना बिघडवणारी औषधे तोवर वीस वर्षे बाजारात विकली जात होती.

किड्यांवर या रसायनांचा परिणाम होतो का, हे काही मोजक्या प्रयोगशाळांनी तपासले. माद्रिदमध्ये मोर्सिओ, प्लानेयो आणि मार्तीनेझ-गितार्ते यांनी कायरोनोमस या डाससदृश माशीच्या गाळातल्या तांबड्या अळ्या घेतल्या. बिस्फेनॉल-ए हे प्लास्टिकमधले रसायन स्त्री-संप्रेरकाची नक्कल म्हणून बदनाम आहे. अळीत स्त्री-संप्रेरक नाही. तरीही बिस्फेनॉलच्या संपर्कात एक्डिसोनचा निरोप घेणाऱ्या प्रथिनाचा जनुक वाजवीपेक्षा जास्त चालू लागला. कॅडमियम या जड धातूनेही तेच केले. ब्रिटनमध्ये याच अळ्यांना स्त्री-संप्रेरकाच्या गोळीतले रसायन आणि बिस्फेनॉल दिले तेव्हा त्यांच्या प्रौढ होण्याच्या वेळा सरकल्या आणि तोंडाच्या भागांत विकृती दिसल्या. जपानमध्ये पायरिप्रॉक्सिफेनने पाणपिसू या सूक्ष्म कवचधारी जीवाची पिल्ले सगळी नर निघू लागली. एरवी चांगल्या दिवसांत ती सगळी मादी असतात. थोडक्यात, हेतू कुठलाही असो, कात टाकणाऱ्या जिवाच्या शरीरात या रसायनांना शिरायला दार सापडते.

चंद्रपूरमध्ये ही दारे कोणती आहेत? २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांचा सर्वंकष निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह देशात चौथे होते. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्र, सिमेंट, कागद, सगळे वर्धा आणि इरईच्या काठी. कोळशाच्या राखेत कॅडमियमसह अनेक जड धातू असतात. इरई आणि झरपट शहराला लागून वाहतात आणि शहराचे सांडपाणीही घेतात. गडचिरोलीत कारखाने कमी, पण पाणी वरून येते. नागपूरचे सांडपाणी नाग नदीतून कन्हानला, कन्हानमधून वैनगंगेला मिळते आणि गोसीखुर्द धरणात साठते. या धरणाची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. आज त्याच्या उजव्या कालव्याचे पाणी चंद्रपूरच्या सावली तालुक्यातल्या आसोलामेंढा तलावाला भरते आणि तिथून धानाला जाते. जगातल्या मोठ्या शहरांच्या सांडपाण्यात साबणातून निघणारे नोनिलफेनॉल, प्लास्टिकमधले बिस्फेनॉल, गोळ्यांतून मूत्रावाटे आलेली स्त्री-संप्रेरके ही हमखास सापडतात. आसोलामेंढ्याचा ब्रिटिशकालीन तलाव आता एका महानगराच्या खालच्या टोकाला आला आहे.

इथे हिवतापाची बाजू सोडून लिहिणे अन्यायाचे होईल. गडचिरोली हा महाराष्ट्रातल्या सर्वाधिक हिवतापाच्या जिल्ह्यांपैकी एक. १९५३ चा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५८ ची निर्मूलन मोहीम, डीडीटीची फवारणी, इतके होऊनही भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या जंगलात मेंदूपर्यंत जाणारा हिवताप मुलांचे जीव घेतो. १९७३ पासून हेमलकशात प्रकाश आणि मंदाकिनी आमटे यांनी, १९८६ पासून अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने हे रोगी पाहिले आहेत. इथला क्युलिसिफेसीस डास बांध्यांत आणि ओढ्यांच्या डबक्यांत, फ्लुव्हिएटिलिस संथ वाहत्या ओढ्यांत वाढतो. अळीनाशकाला विरोध करणे सोपे आहे. ज्याच्या घरात ताप आहे त्याच्यापुढे उभे राहून ते करणे सोपे नाही. मी ते करत नाही. ज्या पाण्यात डास वाढतो त्याच पाण्यात डासाचा शत्रूही वाढतो, म्हणून औषधाचा हिशेब दोघांवरून मांडावा, एवढेच माझे म्हणणे आहे. विहिरी-टाक्यांत आरोग्य खाते गप्पी मासे सोडते, तेही याच विचाराने.

पायरिप्रॉक्सिफेनच्या क्षेत्रचाचण्यांत चतुरांच्या काही पिल्लांत पंख फुटतानाची व्यंगे दिसली, डासांच्या मानाने थोडी. अमेरिकेत मिनेसोटाच्या पाणथळींत १९९१ ते १९९३ अशी सलग तीन वर्षे मेथोप्रीन आणि बीटीआय टाकून पाहिले गेले. पहिल्या वर्षी फारसे काही दिसले नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी पाण्यातल्या कीटकांची संख्या निम्म्याहून खाली आली. तिथे घरटी करणाऱ्या पक्ष्यांवर परिणाम आढळला नाही, हेही नोंदवायला हवे. पण एका हंगामाची चाचणी घेऊन औषध निर्धोक ठरवणे किती अपुरे आहे, हे त्या तीन वर्षांनी दाखवून दिले. आपल्या बांध्यांत तर दरवर्षी फवारणी होते, आणि पुढचा पाऊस तोच गाळ पुन्हा ढवळतो.

आपल्याकडे नदीच्या पाण्याचे नमुने नेमाने घेतले जातात; त्यांत आम्लता, विरघळलेला प्राणवायू, सेंद्रिय भार, जिवाणू मोजतात. हे सगळे आकडे चांगले आले तरी त्या पाण्यात चतुराला पंख फुटतात की नाही, हे त्यांतून कळत नाही. केंद्रीय मंडळाने पाण्याच्या तळातल्या किड्यांच्या कुळांना गुण देऊन पाण्याची प्रत ठरवण्याची पद्धत कधीच तयार करून ठेवली आहे. ती मामा तलावांवर आणि बांध्यांवर वापरायला नवा कायदा लागत नाही. तांबड्या अळ्यांच्या तोंडातल्या दातांची विकृती कोणत्याही महाविद्यालयाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. चतुराने टाकलेली कात काठच्या गवताला कित्येक दिवस चिकटून राहते; त्या काती गोळा केल्या तर किती पिल्ले पूर्ण बाहेर पडली आणि किती अर्ध्यात अडकून मेली याची नोंद होते, आणि त्यासाठी एकही किडा मारावा लागत नाही. २०११ पासून गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ आहे. ब्रह्मपुरी, नागभीड, चंद्रपूर, गडचिरोलीच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र शिकवले जाते. तलावांचे पट्टे ढिवरांच्या मच्छीमार संस्थांकडे आहेत. या तिघांनी मिळून पाच-पन्नास तलाव निवडावेत: काही आसोलामेंढ्याच्या कालव्यावरचे, काही कपाशीच्या उताराखालचे, आणि तुलनेसाठी काही जंगलातले, जिथे फवारणी पोहोचत नाही. सप्टेंबर ते नोव्हेंबर दर आठवड्याला काती मोजाव्यात, आणि कृषी विभागाने त्याच गावांत कोणते औषध कधी फवारले याची नोंद त्यांना द्यावी. तीन हंगाम हे काम झाले, तर कोणते औषध कोणत्या आठवड्यात बांधीत नको, हे शेतकऱ्याला आकड्यांनिशी सांगता येईल.